नर्सबाईंचा हात, डॉक्टरांची सही

धुळे-सोलापूर महामार्गाने छत्रपती संभाजीनगरहून दक्षिणेकडे निघाले की सुमारे ५० किलोमीटरवर पाचोड लागते. पैठण तालुक्यातले हे गाव व्यापाऱ्यांना मोसंबीच्या बाजारासाठी ठाऊक आहे. हंगामात येथे फळांचे ढीग लागतात, बोली पुकारल्या जातात आणि भरलेल्या मालमोटारी दूरदूरच्या शहरांकडे रवाना होतात. याच रस्त्यावरून आणखी एक वाहतूक वर्षाचे बाराही महिने चालू असते. तिचा पुकारा कोठे होत नाही. बाळंतपणात अडलेल्या स्त्रिया, तापाने फणफणलेली मुले, छातीत कळ आलेले वृद्ध यांना घेऊन गाड्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या शासकीय रुग्णालयाकडे, म्हणजे साऱ्या मराठवाड्याच्या तोंडी असलेल्या 'घाटी'कडे, धावत असतात. अशा प्रत्येक गाडीमागे कोणीतरी घेतलेला एक निर्णय असतो: हा रुग्ण येथे ठेवण्यासारखा नाही, पुढे न्यावयास हवा. खेड्यात हा निर्णय बहुधा जी घेते, तिला निर्णय घेण्याचा अधिकार आहे असे कागदोपत्री फारसे कोठे लिहिलेले आढळत नाही. ती म्हणजे गावची नर्सबाई.

अशा एखाद्या उपकेंद्राचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. सरकारी मापाने सपाट प्रदेशात ५,००० वस्तीला एक उपकेंद्र आणि ३०,००० वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र. डॉक्टर असतो तो प्राथमिक केंद्रावर. उपकेंद्रावर असते ती आरोग्य सेविका. रात्री दोनच्या सुमारास एक बाई बाळंत होते, मूल रडते, घरची माणसे निःश्वास सोडतात, आणि नेमका त्या वेळी रक्तस्राव थांबत नाही. प्रसूतीनंतरचा अनावर रक्तस्राव धडधाकट स्त्रीचाही दोन तासांच्या आत प्राण घेऊ शकतो. १०८ क्रमांकावर दूरध्वनी जातो. गाडी येईल, पण गाडी येईपर्यंतची वेळ नर्सबाईंची आहे. ऑक्सिटोसिनची सुई वेळेवर टोचली तर गर्भाशय आवळून येते आणि रक्त थांबण्याची शक्यता पुष्कळ वाढते. औषध स्वस्त आहे, टोचण्याची क्रिया सोपी आहे. बाईंनी ती शिक्षणकाळात शिकलेली असते. तथापि कितीतरी वर्षे तिच्यापुढचा प्रश्न औषधाचा नव्हताच, तो आज्ञेचा होता. डॉक्टरने सांगितल्यावाचून हे औषध द्यावयाचे कोणी, आणि पुढे काही विपरीत घडले तर उत्तर द्यावयाचे कोणी?

केंद्र शासनाने २००५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून आणि २०१० मध्ये त्या सुधारून या प्रश्नाचे अर्धेमुर्धे उत्तर दिले. प्रसूतीनंतर गर्भाशय आकुंचन पावण्याचे औषध देण्याची, झटके येणाऱ्या गरोदर स्त्रीला मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा टोचण्याची, जंतुसंसर्गाची लक्षणे दिसताच प्रतिजैविकाची पहिली मात्रा देऊन मगच रुग्णाला पुढे पाठविण्याची मुभा तिला मिळाली. ही मुभा मिळावयास स्वातंत्र्यानंतर सुमारे ५८ वर्षे लागली. येथे एक विसंगती सांगितल्यावाचून राहवत नाही. ज्या ऑक्सिटोसिनसाठी नर्सबाईला परवानगीची वाट पाहावी लागली, तेच औषध गोठ्यागोठ्यांतून म्हशीला पान्हा सुटावा म्हणून राजरोस टोचले जात होते. हा गैरवापर इतका बोकाळला की २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्याच्या खासगी उत्पादनावरच बंदी घातली आणि बाळंतिणींसाठी औषधाचा तुटवडा पडेल या भीतीचाही विचार करून दिल्ली उच्च न्यायालयाला त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती रद्द करावी लागली. गोठ्यातल्या माणसाला कोणी परवाना विचारला नव्हता.

'पहिली मात्रा' या शब्दप्रयोगाकडेही जरा निरखून पाहावे. पहिली मात्रा देण्यासाठी हे झटके गरोदरपणातल्या रक्तदाबाचे आहेत, अपस्माराचे नव्हेत, हे आधी ओळखावे लागते. ओळखणे म्हणजेच निदान. अर्थात शासनाने नर्सबाईंना निदानाचा अधिकार दिलाच आहे. फक्त त्याला निदान म्हणण्याचे टाळले आहे. कार्यालयांतून काम करणाऱ्या वाचकांना हा प्रकार अपरिचित नसावा. टिपणी कारकून लिहितो, नियम तोच शोधतो, मसुदा तोच बेततो आणि खाली सही साहेबांची होते. भेद इतकाच की कार्यालयातील फाइल सकाळपर्यंत टेबलावर पडून राहू शकते.

जगात अन्यत्र या पेचावर जो उपाय निघाला त्याचे नाव 'नर्स प्रॅक्टिशनर'. मराठीत त्याला अजून सरळ प्रतिशब्द रुळलेला नाही, आणि तो का रुळलेला नाही हेही पाहण्यासारखे आहे. 'परिचारिका' या शब्दात भोवती वावरणे आहे, सेवा करणे आहे, ठरविणे नाही. नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे रुग्णाला तपासणारी, ठराविक तपासण्या करविणारी, ठराविक आजारांचे निदान करणारी आणि ठराविक औषधे स्वतःच्या सहीने लिहून देणारी, त्यासाठी अधिक शिक्षण घेतलेली परिचारिका. १९६५ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने असा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. निमित्त पाचोडसारखेच होते: गावोगावी मुले होती आणि मुलांचे डॉक्टर नव्हते. एका परिचारिकेने आणि एका डॉक्टरने मिळून ही कल्पना काढली, ही गोष्ट या विषयावर हातघाईवर येणाऱ्या दोन्ही पक्षांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

तेथेही शंका घेणारे होते. म्हणून प्रयोग झाले. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात बर्लिंग्टन या गावी काही कुटुंबे डॉक्टरांकडे आणि काही कुटुंबे नर्स प्रॅक्टिशनरकडे, अशी चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटून देण्यात आली. १९७४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा दोन्हींकडच्या माणसांच्या प्रकृतीत फरक आढळला नाही. तीनपैकी सुमारे दोन भेटींत परिचारिकेला डॉक्टरकडे जावेच लागले नव्हते. न्यूयॉर्कमध्ये तसाच प्रयोग १,३१६ रुग्णांवर झाला, त्याचा निष्कर्ष २००० साली आला, तोही तोच. ब्रिटनने १९९४ मध्ये मोजक्या औषधांपासून आरंभ करून २००६ पर्यंत प्रशिक्षित परिचारिकांना जवळजवळ सर्व औषधे स्वतंत्रपणे लिहून देण्याची मुभा दिली. आज अमेरिकेतील निम्म्याहून अधिक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनरला डॉक्टरच्या देखरेखीवाचून काम करता येते. उरलेल्या राज्यांत भांडण अजून चालू आहे, हेही नमूद करावयास हवे.

परदेशाचे दाखले दिले की आपल्याकडे लगेच म्हटले जाते, तेथले शिक्षण वेगळे, तेथली माणसे वेगळी. मग घरचेच दाखले पाहावेत. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी परिचारिका तर सोडाच, थोडेफार शिकलेल्या खेड्यातील स्त्रियांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखून घरच्या घरी प्रतिजैविकाची सुई द्यावयास शिकविले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. ३९ गावांत नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी निरक्षर बायकांच्या हाती गावाचे आरोग्य सोपविले. आणि खुद्द पाचोडला डॉ. अशोक दयालचंद यांच्या नेतृत्वाखालील इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट ही संस्था गेली कित्येक दशके ग्रामीण आरोग्याचे काम आणि कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण करीत आली आहे.

पाचोडच्या संस्थेच्या एका उपक्रमाचा येथे विशेष उल्लेख करावयास हवा. वरवर पाहता तो औषधपाण्याचा नव्हे. १९९८ च्या सुमारास संस्थेने परिसरातील गावांतून अविवाहित किशोरवयीन मुलींसाठी वर्षभराचा जीवनकौशल्य अभ्यासक्रम सुरू केला. संध्याकाळी तासभर वर्ग, शिकविणारी बाई गावातलीच, थोडी शिकलेली. विषय साधे: शरीर, आहार, बँक, पंचायत, कायदा. १९९७ ते २००१ या काळात कार्यक्रमाच्या गावांतून मुलींच्या विवाहाचे मध्यमान वय १६ वरून १७ वर गेले. एक वर्ष म्हणजे काय, असे कोणी म्हणेल. ज्या मुलीचे लग्न सोळाव्या वर्षी होते ती सतराव्या वर्षी उपकेंद्राच्या बाकावर रक्तक्षयाने फिकट पडून बसलेली असते, आणि तिचे वजन, रक्तदाब, पोटातले बाळ हे सारे ज्या बाईला सांभाळावयाचे असते तिला त्या एका वर्षाची किंमत विचारावी.

येथे नर्सबाईंच्या अधिकाराचा प्रश्न नाजूक वळण घेतो. लैंगिक अत्याचारापासून बालकांच्या संरक्षणाचा २०१२ चा कायदा सांगतो की अठरा वर्षांखालील मुलीबाबत गुन्हा घडल्याचे ज्याला कळले त्याने पोलिसांना कळवावे. न कळविणे हाही गुन्हा. विवाहित असली तरी सतरा वर्षांची गरोदर मुलगी या कायद्याच्या कक्षेत येते. नर्सबाईने कळविले तर त्या घरची दुसरी सून उपकेंद्राची पायरी चढत नाही आणि तिचे बाळंतपण कोठेतरी आडोशाला उरकले जाते. कळविले नाही तर नर्सबाई स्वतः आरोपी. ती त्याच गावात राहते, त्याच दुकानातून किराणा घेते. जबाबदारीच्या बाबतीत कायदा तिला पूर्ण, सज्ञान, स्वतंत्र व्यक्ती मानतो. त्याच मुलीच्या लघवीतला जंतुसंसर्ग ओळखून पाच दिवसांच्या गोळ्या स्वतःच्या नावाने लिहून देण्याच्या बाबतीत मात्र तीच बाई अकस्मात अज्ञान ठरते.

शासनाला जेव्हा गरज पडली तेव्हा तिच्या अज्ञानाची आठवण झाली नाही, हाही इतिहास आहे. महाराष्ट्रात परिचर्येचे शिक्षण प्रतिष्ठित घरांच्या उंबऱ्यापर्यंत आणण्यात रमाबाई रानडे यांचा वाटा मोठा. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे सेवासदनाने ससून रुग्णालयात मुलींना व विधवांना हे शिक्षण देण्याची सोय केली. त्या काळी परक्या पुरुषाची जखम धुणे ही लोकांच्या लेखी अब्रूची बाब होती. स्वातंत्र्यानंतर सहाय्यक परिचारिका प्रसाविका हे पद खेड्यांत आले ते मुख्यतः बाळंतपणांसाठी. १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने तिला बहुउद्देशीय आरोग्य सेविका करावे अशी शिफारस केली. मग मलेरियाचे रक्तनमुने, लसीकरण, क्षयाचे रुग्ण, पोषण, जन्ममृत्यूच्या नोंदी आणि, सर्वांवर कडी म्हणून, कुटुंबनियोजनाची उद्दिष्टे तिच्या झोळीत पडली. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात त्या उद्दिष्टांचा ससेमिरा कसा होता हे जुन्या सेविकांना वेगळे सांगावयास नको. गर्भाशयात तांबी बसविणे ही सुई टोचण्याहून कितीतरी कौशल्याची आणि धोक्याची क्रिया. ती तिला शिकविण्यात आली आणि ती आजही करते. कोट्यवधी बालकांना लसी तिनेच टोचल्या. २०२१ मध्ये कोरोनाच्या लसी टोचणारे हातही तिचेच. तेव्हा प्रश्न सुईचा नाही. सुई तिच्या हाती पूर्वीपासून आहे. वरून ठरलेले काम तिने स्वतंत्रपणे करावे याला कोणाची हरकत नाही. समोरच्या माणसाकडे पाहून तिने स्वतः काही ठरवावे, याला आहे.

वास्तविक डॉक्टर आणि परिचारिका यांच्यामधली पायरी या देशाला नवी नाही. जुन्या पिढीला 'एल.सी.पी.एस.' अशी पाटी लावणारे डॉक्टर आठवत असतील. पदवीपेक्षा कमी मुदतीचे शिक्षण घेतलेले हे परवानाधारक स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर देशातील डॉक्टरांच्या निम्म्याहून अधिक होते आणि तालुक्यांचे आरोग्य तेच वाहत होते. १९४६ च्या भोर समितीने बहुमताने असे ठरविले की यापुढे डॉक्टर एकाच प्रतीचा, पदवीधरच असावा. हेतू उदात्त होता: गरिबालाही चांगलाच डॉक्टर मिळावा. समितीतील काही सभासदांनी भिन्नमत नोंदविले होते. जिना बांधताना मधल्या पायऱ्या काढून टाकल्या, वरचा मजला मात्र खेड्यापर्यंत खाली आला नाही. पदवीधर शहरात राहिला आणि खेड्यातली रिकामी जागा बोगस डॉक्टरने भरली. पाचोडच्याच काय, कोणत्याही बाजारगावच्या बसथांब्याजवळ 'ताकदीची सुई' आणि सलाईन देणारा असा एखादा इसम शोधावयास फार वेळ लागत नाही. ज्या मजुराला नर्सबाई सांगते, "दादा, मला हे औषध लिहिता येत नाही, डॉक्टरांकडे जा," तो दोन तास आणि एक दिवसाची मजुरी खर्चून डॉक्टरांकडे जात नाही. तो त्या इसमाकडे जातो.

महाराष्ट्राने तर या बाबतीत आणखी एक कोडे घालून ठेवले आहे. २०१४ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती करून एक वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या होमिओपॅथी पदवीधरांना आधुनिक औषधे वापरण्याची वाट मोकळी केली. त्यावरून न्यायालयात वाद गेला. आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांच्या संघटनेचा विरोध आजही मावळलेला नाही. त्या वादाची बरीवाईट बाजू क्षणभर बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरते. निराळ्या शास्त्रात वाढलेल्याला एका वर्षात जी वाट मिळू शकते, ती त्याच शास्त्रात चार वर्षे शिकून पुढची वीस वर्षे तीच औषधे मोजून, टोचून, त्यांचे परिणाम-दुष्परिणाम रात्रभर जागून पाहणाऱ्या परिचारिकेला का मिळू नये, याचे उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही.

केंद्राच्या पातळीवर हालचाल झालीच नाही असे मात्र नव्हे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात नर्स प्रॅक्टिशनरचे संवर्ग निर्माण करण्याची भाषा आली. त्याच सुमारास भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम काढला. डिसेंबर २०१८ मध्ये प्रसूतिसेवेच्या मार्गदर्शक सूचना निघाल्या आणि अठरा महिन्यांचे शिक्षण घेऊन नैसर्गिक प्रसूती स्वतंत्रपणे सांभाळणाऱ्या 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी'चा मार्ग आखला गेला. उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे झाली, २०२३ मध्ये त्यांचेच 'आयुष्मान आरोग्य मंदिर' असे नामांतर झाले, आणि तेथे सहा महिन्यांचे विशेष शिक्षण घेतलेला समुदाय आरोग्य अधिकारी बसू लागला. त्यांत परिचर्येच्या पदवीधर पुष्कळ आहेत. २०२३ मध्येच संसदेने १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी नवा राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिसेवा आयोग कायदा संमत केला. पाट्या बदलल्या, अभ्यासक्रम आले. त्या अभ्यासक्रमातून बाहेर पडणारीसाठी पद आणि त्या पदासाठी अधिकार हे त्या वेगाने आले नाहीत.

अधिकाराचा सर्वांत स्पष्ट उल्लेख सापडतो तो २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या ३२ व्या कलमात. आधुनिक वैद्यकाशी संबंधित पात्र व्यक्तीला 'सामुदायिक आरोग्य सेवादाता' म्हणून मर्यादित परवाना देता येईल. प्राथमिक व प्रतिबंधक उपचारांत ती विहित औषधे स्वतंत्रपणे लिहून देऊ शकेल, अन्यत्र डॉक्टरच्या देखरेखीखाली. आणि अशा परवान्यांची संख्या नोंदणीकृत डॉक्टरांच्या एक-तृतीयांशाहून अधिक होणार नाही. याच कलमावरून त्या वर्षी देशभरातील डॉक्टर संपावर गेले. त्यांचा आक्षेप केवळ धंद्याच्या ईर्ष्येचा म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल. खेड्यातल्या माणसाला दुय्यम प्रतीचा वैद्य का, हा सवाल भोर समितीचाच आहे आणि तो आजही खरा आहे. शिवाय त्याला पुरावाही आहे. छत्तीसगडमध्ये प्राथमिक केंद्रे कोण किती चांगली चालवितो याचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षांचे वैद्यकीय शिक्षण घेतलेले ग्रामीण वैद्यकीय सहाय्यक हे पदवीधर डॉक्टरांच्या तोडीचे ठरले. परंतु डॉक्टर नसल्याने नाइलाजाने रुग्ण तपासणाऱ्या परिचारिका आणि औषधनिर्माते सर्वांत मागे पडले.

हा निष्कर्ष परिचारिकांच्या कैवाऱ्यांना गैरसोयीचा वाटेल. पण तो दडविण्याचे कारण नाही. त्यातून परिचारिकेची अपात्रता सिद्ध होत नाही. जे काम तिला कधी शिकविलेच नाही ते तिच्यावर ढकलले की काय होते, एवढेच सिद्ध होते. ढकललेले काम आणि सोपविलेले काम यांत हाच फरक. सोपविताना शिकवावे लागते, परीक्षा घ्यावी लागते, औषधांची यादी ठरवून द्यावी लागते, ती औषधे कपाटात शिल्लक आहेत की नाहीत हे पाहावे लागते आणि यादीबाहेर काही दिसले तर रात्री-अपरात्री दूरध्वनी उचलणारा डॉक्टर नेमून द्यावा लागतो. सहा महिन्यांत हे सारे होईल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. आणि हे स्वस्तात होईल असे जर अर्थखात्याला वाटत असेल, तर डॉक्टरांचा आक्षेप शंभर टक्के बरोबर ठरेल. आज समुदाय आरोग्य अधिकारी कंत्राटावर आहे, तिच्या मानधनाचा एक भाग कामगिरीच्या निर्देशांकांवर अवलंबून आहे, आणि ती निर्देशांक भरण्यासाठी मोबाइलवर जितका वेळ घालवते त्यातला काही रुग्णांच्या वाट्याचा असतो. कंत्राट दरवर्षी नूतनीकरणाला जाणाऱ्या माणसाने वरिष्ठांना "हे औषध येथे चालणार नाही" असे तोंडावर सांगावे, ही अपेक्षा कोणत्याही कचेरीत पुरी होत नाही.

हल्ली उपकेंद्रात 'ई-संजीवनी' आली आहे. नर्सबाई रुग्णाला यंत्रापुढे बसविते, दूर कोठेतरी बसलेल्या डॉक्टरला नाडी, ताप, रक्तदाब, छातीतला आवाज हे सारे तीच सांगते, आणि पडद्यावर चिठ्ठी उमटते. सोय चांगली आहे. अवघड रुग्णासाठी तर मोलाची आहे. साध्या रुग्णाच्या बाबतीत मात्र जे घडते ते मजेशीर असते. डॉक्टरने हात लावून पाहिलेले नसते. त्याचा सारा विश्वास बाईंच्या सांगण्यावर. म्हणजे तिच्या तपासणीवर विसंबून औषध देणे सुरक्षित आहे हे मान्य झालेलेच आहे. ते औषध तीच कपाटातून काढते, तीच समजावून देते, तिसऱ्या दिवशी रस्त्यात भेटले की तीच विचारते, "गोळ्या घेतल्या का?" चिठ्ठीवर नाव असते ते डॉक्टरांचे.

परिचर्येचे शिक्षण पुरे केलेल्या प्रत्येकीला १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका कायद्याखाली नोंदणी करावी लागते आणि डॉक्टरांप्रमाणेच एक नोंदणी क्रमांक मिळतो. डॉक्टर तो क्रमांक प्रत्येक चिठ्ठीवर लिहितो. लिहावाच लागतो, कारण उद्या काही चुकले तर त्याला शोधता यावे. रात्री अडीचला पाचोडच्या बाजूने घाटीकडे निघालेल्या बाळंतिणीच्या नातेवाइकाच्या खिशात एक घडी घातलेला कागद असतो. प्रसूतीची वेळ, किती रक्त गेले याचा अंदाज, नाडी, रक्तदाब, कोणती सुई किती वाजता टोचली, हे त्यावर घाईत पण नेमके लिहिलेले असते. घाटीतला निवासी डॉक्टर उजेडाखाली तो कागद धरतो आणि पुढचे सारे त्यावरून ठरवितो. नर्सबाईंचा नोंदणी क्रमांक त्या कागदावर नसतो. तो घरी, पेटीत, प्रमाणपत्रावर असतो.